रिवाइंडिंगवाल्याचा बेस

भाच्याच्या ऑर्केस्ट्रात खालचे सूर धरणारा माणूस उरला नव्हता. कीबोर्डवाला पोरगा डाव्या हातानं ते काम भागवायचा. तो पुण्याला नोकरीला गेला. नवीन आलेल्याचा उजवा हात झकास, डावा मात्र मांडीवर. गाणी तीच, ढोलकी तीच, ऑक्टोपॅड तोच, पण मंडपात सगळं पोकळ वाटायला लागलं. भाचा म्हणाला, "मामा, तुमीच घ्या ना बेस गिटार. चारच तं तारा रायतेत."

माझं कोंढ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमचा पवनी तालुका धानाचा. उन्हाळी धानाला पाणी देताना व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि माझ्याकडं येतात. तांब्याची तार गुंडाळण्यावर माझं घर चालतं. संगीताचं म्हणाल तर लहानपणी तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी धरली, तेवढंच. ताल अंगात आहे, सूर कानाला कळतो, पण बोटांनी सूर काढायची वेळ कधी आली नव्हती. घरी विषय काढला तर बायको म्हणाली, "एवढ्यात तं रोवणीची मजुरी निंगते." बरोबरच होतं तिचं. म्हणून ठरवलं की रुपया रुपया तपासून घ्यायचं, आणि दिवाळीच्या आत घ्यायचं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्र-रात्र नाटकं चालतात, ते थेट होळीपर्यंत. मग एप्रिलात भीमजयंती आणि लग्नं. एकदा हंगाम लागला की शिकायला सवड कुठली?

मोबाइलवर शोधायला बसलो आणि पहिल्याच रात्री डोकं गरगरलं. प्रिसिजन, जाझ, पीजे. अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह. लाँग स्केल, शॉर्ट स्केल. स्क्वायरमध्ये सॉनिक, अ‍ॅफिनिटी, क्लासिक व्हाइब. यामाहात टीआरबीएक्स १७४ आणि ३०४. आयबानेझमध्ये जीएसआर २०० आणि टीएमबी ३०. प्रत्येकाचा कोणी तरी भक्त, प्रत्येकाचा कोणी तरी वैरी. किमती बारा-पंधरा हजारांपासून सुरू होऊन वर कुठपर्यंत जातात ते पाहायचंच सोडून दिलं. फोटोत सगळेच सारखे दिसतात: लांब नेक, चार खुंट्या, खाली दोन-तीन बटणं. मग एकाला पंधरा हजार आणि दुसऱ्याला पस्तीस हजार कशाचे?

शेवटी ठरवलं, आधी यंत्र समजून घ्यायचं, मग भाव.

चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात. आमच्या गायकांच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सरगमात पाहिलं तर सोपं आहे: कोणत्याही तारेला सा धरा, तिच्या पुढची तार मध्यमावर बोलते. सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. या रचनेचा एक फायदा मला लगेच पटला. गायक ऐन वेळी "आज काळी एक धरा" म्हणाला की पेटीवाल्याची सगळी बोटं बदलतात. बेसवाल्यानं फक्त हात नेकवरच्या फ्रेटच्या दोन पट्ट्या पुढं-मागं सरकवायचा, बोटांची ठेवण तीच. माझ्यासारख्या उशिरा शिकणाऱ्याला याहून मोठी सवलत मिळणार नाही.

हे वाद्य कोणी काढलं ते शोधताना एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्या काळी खालचे सूर उभ्या, माणसाहून उंच डबल बेसवर वाजवायचे. तो न्यायला अवघड, ड्रमपुढं ऐकू न येणारा, आणि नेकवर पट्ट्या नसल्यामुळं सूर अंदाजानं धरायचा. त्याआधी १९३०च्या दशकात सिएटलच्या पॉल टटमार्कनं पट्ट्यांचा विजेवरचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. पट्ट्या असल्यामुळं बोट ठेवलं की सूर नेमका येणार, म्हणून ते नाव. १९६० साली त्यानं जाझ बेस काढला. आज दुकानात टांगलेले बहुतेक स्वस्त बेस या दोघांपैकी एकाची, किंवा दोघांच्या मिश्रणाची, वंशावळ सांगतात. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं हे केलंय म्हटल्यावर माझी भीती बरीच कमी झाली.

बेसचा पिकअप उघडून दाखवलेली चित्रं पाहिली, तेव्हा उरलीसुरलीही गेली. चुंबक, भोवती तांब्याच्या तारेची कॉइल, वर पोलादी तार. पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये अगदी बारीक व्होल्टेज येतं. फरक मापाचा. आमच्या पंपाच्या मोटारीतली तार अर्धा-पाऊण मिलिमीटरची. पिकअपची तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीची, आणि तिचे हजारो वेढे. ती हातानं गुंडाळायची म्हटली तर माझ्या दुकानातला पोरगा पळून जाईल.

आता मॉडेलं पाहायला अर्थ आला. प्रिसिजनला एक पिकअप, पण १९५७ पासून तो दोन तुकड्यांत: एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. आवाज भरीव, मधला भाग ठळक. जाझला दोन सरळ पिकअप, एक नेककडं आणि एक ब्रिजकडं, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडं, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. आवाज जास्त उघडा, जास्त वळवता येणारा. पीजे म्हणजे नेककडं प्रिसिजनचा आणि ब्रिजकडं जाझचा पिकअप. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझचा जीएसआर २०० हे दोघं पीजे. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड. मी पाहिलेल्या तिघांत सॉनिक सर्वांत खालचा, मग अ‍ॅफिनिटी, मग क्लासिक व्हाइब, आणि प्रिसिजन-जाझ हे आकार तिथंही मिळतात.

हाताचा प्रश्न मात्र चित्रांवरून सुटणारा नव्हता. बेसच्या तारेची मोकळी लांबी, म्हणजे स्केल, नेहमीच्या बेसमध्ये ३४ इंच असते. शॉर्ट स्केलमध्ये ३० इंच. चार इंचांनी काय होतं, ते मी कागदावर काढून पाहिलं. पहिल्या पट्टीपासून चौथ्या पट्टीपर्यंतचं अंतर ३४ इंचीत जवळजवळ १३ सेंटिमीटर, ३० इंचीत साडेअकरा. तर्जनी आणि करंगळी एवढी फाकवायची आहेत. माझी बोटं आखूड आणि जाड. दीड सेंटिमीटर ही माझ्यासाठी चैन नव्हे, गरज वाटत होती. भाच्याला मात्र शॉर्ट स्केल म्हणजे पोरांचं खेळणं वाटायचं. त्याला सांगितलं की बीटल्सचा पॉल मॅकार्टनी जो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेऊन जगभर फिरला, तो शॉर्ट स्केलचाच. त्याचा पहिला हॉफनर १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला. १९७२ साली चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनंतर त्याला परत मिळाला. एवढ्या वर्षांत कोणी त्याला खेळणं म्हटलं नाही.

दुसरं माप नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, नेकची रुंदी. जाझची ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची ४१-४२ किंवा त्याहून थोडी जास्त. तीन-चार मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत. हातात मात्र ते पहिल्याच मिनिटाला कळतात.

तेव्हा नागपूर गाठणं भाग होतं. सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीला, एका दुकानात भिंतभर बेस टांगलेले. मी पिशवीत तीन वस्तू नेल्या होत्या: पोलादी पट्टी, मोबाइलमधला ट्यूनर आणि मल्टिमीटर. दुकानदार सज्जन निघाला. मल्टिमीटर पाहून तो थोडा चपापला, पण काही बोलला नाही.

आधी नुसतं बसून धरलं. मग पट्टा लावून उभं राहून. हे कोणीच सांगत नाही, पण बसून छान वाटणारा बेस उभं राहिल्यावर वेगळाच वागतो. तीन-साडेतीन ते चार-साडेचार किलो वजन खांद्यावर येतं, आणि काही बेसचा नेक जमिनीकडं झुकतो. मग डावा हात सूर धरायचा सोडून नेक उचलून धरत बसतो. आमचे कार्यक्रम रात्रभराचे. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा, हे मला त्या दुकानातच कळलं.

जाझचा अरुंद नेक हातात घेतला आणि अंगठा आपोआप मागं जाऊन बसला. प्रिसिजनचा रुंद नेक आधी अवघड वाटला, पण एक गोष्ट लक्षात आली: माझ्या जाड बोटांना दोन तारांमध्ये जागा मिळत होती, शेजारची तार चुकून दबत नव्हती. आयबानेझचा नेक पातळ, हात वर-खाली भराभर सरकतो. यामाहाचा मधला. शॉर्ट स्केल घेतल्यावर पहिल्या पट्टीजवळचा ताण एकदम उतरला, पण जाड ई तार थोडी ढिली बोलल्यासारखी वाटली. त्याच जाडीची तार तोच सूर द्यायला आखूड लांबीवर कमी ताणावी लागते, त्याचा हा परिणाम. म्हणजे सोय आहे, पण तिचीही किंमत आहे.

मग खरी परीक्षा. डोळा लावून नेक सरळ आहे का पाहिलं. प्रत्येक तारेवर प्रत्येक पट्टी दाबून वाजवली. बाराव्या पट्टीवर तार किती उंच आहे ते पोलादी पट्टीनं मोजलं. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर दाबायला सोपं, चार असेल तर बोटं सोलली जाणार. बाराव्या पट्टीवर नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि पट्टी दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळतो का पाहिलं. नाही जुळला तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवावा लागतो. पट्ट्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला.

इथं जे दिसलं त्यानं माझं सगळं गणित उलटं केलं. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे, एकाच किमतीचे दोन बेस शेजारी टांगले होते. एकावर तार खाली, सूर स्वच्छ. दुसऱ्यावर पाचव्या पट्टीपुढं खरखर आणि पट्ट्यांची टोकं अंगठ्याला टोचत होती. आणि त्या भिंतीवरचा एक महागडा बेस स्वस्त बेसपेक्षा वाजवायला जड होता, कारण त्याच्या तारा उंच लावलेल्या होत्या. आमच्याकडं धानाचं एकच वाण शेजारच्या दोन बांध्यांत लावलं तरी पीक सारखं येत नाही. पिशवीवरचं नाव एक, बांधी वेगळी. मी महिनाभर पिशव्यांवरची नावं वाचत बसलो होतो. फॅक्टरीतून निघालेला, बोटीतून आलेला, गोदामात उन्हाळे-पावसाळे काढलेला प्रत्येक नग वेगळा वागतो, आणि हाताला भेटतो तो नग.

मल्टिमीटर काढला तो माझ्या समाधानासाठी. पॅसिव्ह बेसमध्ये केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला कॉइलचा रेझिस्टन्स मोजता येतो. एका पीजेवर नुसत्या प्रिसिजन पिकअपचा व्हॉल्यूम उघडला तर दहाच्या वर किलोओहम, नुसता जाझ उघडला तर सात-साडेसात, दोन्ही उघडले तर चारच्या पुढं. मला हसू आलं. दोन कॉइल समांतर जोडल्या की रेझिस्टन्स दोन्हींपेक्षा कमी होणारच, रोजचंच काम. दुकानदाराला सांगितलं, "तुमची वाइंडिंग शाबूत आहे." तो म्हणाला, "हे आजवर कोणी तपासलं नव्हतं बाप्पा." अ‍ॅक्टिव्ह बेसवर मात्र आकडा काहीच्या काही आला, कारण तिथं मध्ये बॅटरीवरचं सर्किट बसलेलं असतं.

ही अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह भानगड मी अशी समजून घेतली. पॅसिव्हमध्ये पिकअपचा आवाज सरळ बाहेर जातो. टोनचं बटण फक्त वरचे सूर कापतं. अ‍ॅक्टिव्हमध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट सूर वाढवूही शकतं. जीएसआर २०० मध्ये खालचे सूर फुगवायला एक बटण आहे. टीआरबीएक्स ३०४ मध्ये वाजवण्याच्या पद्धतीप्रमाणे आवाज बदलायचा खटका आहे. बॅटरीची चिंता मला नव्हती, माझ्या मल्टिमीटरलाही नऊ व्होल्टचीच लागते. पण केबल जॅकमध्ये राहिली की सर्किट चालूच राहतं आणि बॅटरी उतरते. नाटकाच्या दुसऱ्या अंकात ती संपली तर? पडद्यामागं अंधारात बॅटरी बदलणारा बेसवाला मला डोळ्यांसमोर दिसला आणि मी पॅसिव्हकडं वळलो.

पाच तारांचा बेसही पाहिला, भाच्याच्या आग्रहाखातर. त्याची सर्वांत खालची बी तार सेकंदाला ३१ वेळा थरथरते. आमच्या बिछायतवाल्याचे स्पीकर ते ऐकवतील का, हा प्रश्न विचारला आणि भाचा गप्प झाला.

आवाजाचा दुसरा प्रश्न घुंईऽऽचा. इथं माझा धंदा कामाला आला. सिंगल फेज मोटारीचं कपॅसिटर गेलं की मोटार फिरत नाही, नुसती घुमत राहते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि लोखंडी गाभा प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणला जातो, म्हणून ते घुमणं १०० हर्ट्झचं. ते माझ्या कानात वीस वर्षं बसलेलं आहे. बेसची मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. म्हणजे अडलेल्या मोटारीचं घुमणं आणि जी तार यांच्यात केसाचं अंतर. पुढं सराव करताना मी हे करूनही पाहिलं: दुकानात अडलेली मोटार घुमत असताना जी तार छेडली की दोन आवाज मिसळून सेकंदाला साधारण दोन हेलकावे येतात. हेलकावे त्याहून भराभर आले तर तार उतरलेली, ते मंदावत थांबले तर तार चढून मोटारीच्या सुरात गेलेली.

पण मंडपात हेच घुमणं शत्रू असतं. जनरेटर, लायटिंगच्या माळा, डिमर, जमिनीवरून गेलेल्या वायरी; एकेरी कॉइलचा पिकअप हे सगळं उचलतो. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे उलट दिशेनं गुंडाळलेले आणि त्यांची चुंबकं उलट बसवलेली असतात. बाहेरची घुंई दोघांत उलटी येऊन एकमेकीला खाते. तारेचा सूर मात्र शाबूत राहतो. जाझमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडले तर हेच होतं, पण एक कमी केला की घुंई परत. तेव्हा मंडपात वाजवायचं तर प्रिसिजन किंवा पीजे, हे माझ्यापुरतं पक्कं झालं. पीजेत जाझचा पिकअप बंद ठेवला तरी शांत प्रिसिजन हातात राहतोच.

एकच पिकअप पुरतो का, अशी शंका होती. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमरसननं १९६२च्या एका प्रिसिजन बेसवर, उजव्या हाताच्या एकाच बोटानं, कितीतरी गाणी वाजवली. आपल्याकडं राहुल देव बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ बेस वाजवायचे. ती गाणी मी रेडिओवर लहानपणापासून ऐकतोय; बेस कोण वाजवतंय हे विचारायचं कधी सुचलं नाही. रहमानच्या गाण्यांत कीथ पीटर्स. मुंबईची मोहिनी डे तर आज जगभर फिरते आणि ती काय वाजवते हे माझ्या डोळ्यांनाही दिसत नाही, इतकं भरभर. ही माणसं ऐकली की कळतं, आवाजाचा मोठा भाग पिकअपमध्ये नसून बोटात आहे. माझी बोटं तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर साधा पिकअप मला कमी पडणार नव्हता.

आता पैशांचं. बेसची किंमत म्हणजे पाटीवरचा आकडा, हे नवशिक्याला वाटतं. त्यावर पट्टा, केबल, पिशवी, ट्यूनर आलाच. अ‍ॅम्प हा सर्वांत मोठा खड्डा. दुकानात छोटा, आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प दाखवला. त्यातून ४१ हर्ट्झचा मूळ सूर जवळजवळ येत नाही. आपला कान त्याच्या दुप्पट-तिप्पट वरच्या सुरांवरून खालचा सूर आपोआप भरून काढतो. घरच्या सरावाला तेवढं पुरतं, हेडफोन लावला तर शेजाऱ्यांनाही बरं. पण मंडपात तो अ‍ॅम्प नेऊन काही उपयोग नाही. तिथं बिछायतवाल्याचे मोठे बॉक्स असतातच. बेसला त्यांच्या मिक्सरशी नीट जोडायला डीआय बॉक्स नावाची डबी लागते. पॅसिव्ह बेसची केबल लांबच लांब ओढून सरळ मिक्सरमध्ये घातली की आवाज पातळ होतो आणि खरखर वाढते. डीआय बॉक्स अ‍ॅम्पच्या मानानं स्वस्त, आणि आमच्यासाठी अ‍ॅम्पपेक्षा कामाचा. भाचा म्हणाला होता, "बेस तं डीजेवाल्याजवळ रायतो ना मामा, अठरा इंचीत." ते अठरा इंची बॉक्स आमच्याच कामाला आले.

तिसरा खर्च सेटअपचा, आणि तो आमच्या हवेमुळं टाळता येत नाही. मे महिन्यात आमच्या भंडारा जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, हवा कोरडी ठाक. जुलैत तीच हवा ओली चिंब. लाकडी नेक दोन्ही वेळा हलतो. कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि पट्ट्यांची धातूची टोकं बाहेर डोकावतात. दुकानात अंगठ्याला टोचलं ते बहुधा हेच. ओल्या हवेत नेकचा बाक बदलतो, तारा वर-खाली होतात. नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो. अ‍ॅलन कीनं तो पाव फेरा फिरवला की बाक सुधारतो. पाव फेराच, त्याहून जास्त एका वेळी नाही. पहिली पट्टी आणि शेवटची पट्टी एकदम दाबली की मध्ये, सातव्या-आठव्या पट्टीवर, तार आणि पट्टी यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. बेअरिंगची फट मोजणाऱ्या माणसाला हे काम अनोळखी नाही. कोंढ्यात गिटार दुरुस्त करणारा नाही. त्यामुळं सेटअप स्वतः शिकणं हीच माझी बचत ठरली.

फिंगरबोर्डवरून एक गंमत. स्वस्त स्क्वायरच्या पाटीवर 'इंडियन लॉरेल' असं लाकडाचं नाव दिसलं. शोधलं तर तो आपला ऐन निघाला, ज्याला आमच्या झाडीत येन म्हणतात आणि ज्याच्या पाल्यावर कोशाच्या अळ्या पोसतात. शिसवीच्या व्यापारावर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय बंधनं आली, तेव्हा गिटार कंपन्या दुसऱ्या लाकडांकडं वळल्या. २०१९ च्या शेवटी वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी स्वस्त मॉडेलांत दुसरी लाकडं टिकून राहिली. लोक शिसवी नाही म्हणून नाक मुरडतात. आमच्या भागात येनाच्या लाकडाला कमी लेखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्या कारणासाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत, असं मी ठरवलं.

शेवटी घेतला तो यामाहाचा टीआरबीएक्स १७४. ३४ इंची, पॅसिव्ह, पीजे. वीस हजारांच्या आसपास. तोच का, तर त्या दिवशी त्या भिंतीवर माझ्या हाताला, कानाला आणि पोलादी पट्टीला एकदम पटणारा नग तो होता. दुसऱ्या दिवशी स्क्वायरचा एखादा प्रिसिजन तसा असता तर तो घेतला असता. शॉर्ट स्केलची मला खरी गरज वाटत होती, पण मांडीवर नेक थोडा वर उचलून धरला आणि करंगळी हट्टानं ताणायच्या ऐवजी हात सरकवायला शिकलो की ३४ इंच जमतात, हे दुकानदारानंच दाखवलं. ज्याला तसं जमत नाही त्यानं ३० इंची घ्यावा. हात दुखवून घेण्यात काही मोठेपणा नाही. उरलेल्या पैशांत डीआय बॉक्स, पट्टा, केबल आणि तारांचा जादा संच आला.

आता मंडईच्या कार्यक्रमात मी ढोलकीवाल्याच्या शेजारी उभा राहतो. बहुतेक गाण्यांना सा, म आणि प एवढेच सूर पुरतात, तेही समेवर आणि ढोलकीच्या घुमाऱ्यावर नेमके पडले पाहिजेत. खंजिरीनं शिकवलेला ताल इथं उपयोगी पडतो. लोक बेस ऐकत नाहीत, पण तो थांबला की मान वर करून बघतात. सध्याची चिंता नवी आहे: तारा गोल गुंडाळीच्या ठेवू की जेमरसनसारख्या सपाट? सपाट तारा बोटांना मऊ आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, पण संचाची किंमत मोठी. यावर भाच्याचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

परवा आसगावचा एक पोरगा मोटार घेऊन दुकानात आला. कोपऱ्यातला बेस पाहून त्यानं मोबाइल पुढं केला. कोणी तरी जुना बेस विकायला काढला होता. फोटो चकचकीत, खाली लांबलचक यादी. "काका, हा मॉडेल कसा आहे?" त्यानं विचारलं. मी यादी वाचली, किंमत वाचली आणि मोबाइल त्याला परत दिला.

"मॉडेल ठीक आहे," म्हटलं. "नग घेऊन ये."